रात्रीचे पुस्तक कानाने निवडावे

मुलांना झोपताना वाचून दाखवायला कोणते पुस्तक घ्यावे, असे विचारणाऱ्या पालकांना मी हल्ली एकच सांगते, की दुकानात उभे राहून त्यातले एक पान मोठ्याने वाचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या भर दुकानात असे वाचायला संकोच वाटतो हे खरे, परंतु नुसती रंगीत चित्रे पाहून घेतलेली पुष्कळ पुस्तके दोन-तीन रात्रींत कपाटात जातात, कारण त्यांतली वाक्ये वाचणाऱ्याच्या तोंडात बसत नाहीत. ‘एका घनदाट अरण्यात एक अत्यंत चतुर असा कोल्हा निवास करीत असे’ हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला वाचून दाखवून पाहावे. कोल्हापुरात कुणी निवास करीत नाही, सगळे राहतात, आणि कोल्ह्यानेही राहायला हरकत नसावी. अशा पुस्तकाच्या शेवटी बहुधा चौकटीत तात्पर्यही छापलेले असते. ते मी वाचतच नाही.

दुसरी गोष्ट वयोगटाची. प्रथम बुक्ससारख्या प्रकाशनांच्या पुस्तकांवर ज्या पातळ्या दिलेल्या असतात, त्या मुलाने स्वतः वाचण्याच्या दृष्टीने ठरवलेल्या असतात. ऐकून समजण्याची कुवत या वयात वाचून समजण्याच्या बरीच पुढे असते, त्यामुळे जोडाक्षरांपाशी अडखळणारे पहिलीतले मूल तिसरीच्या मुलांसाठीची गोष्ट आरामात ऐकते. याच संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. छापूनच घ्याव्यात, कारण अंथरुणात मोबाइल आला की गोष्ट संपल्यावर तो हातातून सुटत नाही.

गोष्ट त्याच रात्री पुरी व्हावी, याबद्दल मी आग्रही आहे. ‘श्यामची आई’ची मांडणी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज प्रार्थनेनंतर एकेक आठवण सांगतो, प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच नावे आहेत आणि बहुतेक आठवणी त्या-त्या रात्रीपुरत्या पूर्ण होतात. तरीही आईच्या आजारपणाची आणि मृत्यूची शेवटची प्रकरणे लहान मुलाला दिवा मालवण्याआधी वाचू नयेत, ती थोड्या मोठ्या वयात दिवसाउजेडी वाचावीत. राक्षसाचे तसे नाही. तो खुशाल यावा, फक्त झोपेआधी त्याचा निकाल लागलेला असावा.

इंग्रजी माध्यमात मुले घातलेले अनेक पालक रात्रीही इंग्रजीच वाचतात, म्हणजे तेवढाच सराव होतो. मला हे पटत नाही. दिवसभर शाळा आणि नंतर शिकवणी झाल्यावर उरलेली पंधरा मिनिटेही सरावाला द्यायची असतील, तर मूल पांघरूण डोक्यावर ओढून घेणारच. बापाला ज्या भाषेत आवाज बदलून म्हातारीचे किंवा वाघाचे बोलणे म्हणता येते, त्या भाषेतले पुस्तक घ्यावे, आणि आपल्याकडे ती बहुतेक घरांत मराठीच असते. वाघ मध्येच ‘काय करालाईस रं?’ म्हणाला, तरी पुस्तकाचे काही बिघडत नाही.

खर्चाची चिंता असेल तर पुस्तक आधी वाचनालयातून आणावे. 1850 पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्याच गावात आहे. मुले एकच पुस्तक रोज मागतात आणि वाचताना एखादी ओळ गाळली तर लगेच पकडतात. ज्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागते, तेवढेच विकत घ्यावे.