सावलीतला घाम

सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये. मे महिन्यात पारा ४३ ला टेकला तरी आम्ही चौकात उभं राहून गरम चहा पितो आणि तो ४१ वर आला की ‘आज जरा गार हाय की बे’ म्हणतो. त्यामुळे मेव्हणा फोनवर ‘भाऊजी, मे महिन्यात गोव्याला? तेही मसाल्याच्या बागेत? शिजाल!’ असं म्हणाला तेव्हा मला त्याची कीवच आली. पुण्यात राहून माणूस नाजूक होतो.

मुळात ही सहल माझी नव्हती, काळ्या मसाल्याची होती. आमच्याकडे मे म्हणजे वर्षाचा मसाला. गच्चीवर मिरच्या, घरभर भाजलेल्या धण्या-खोबऱ्याचा वास आणि डंकावर नंबर लावून बसलेल्या बायका. यंदा वेलची-लवंगेचे भाव ऐकून बायको म्हणाली, “अहो, वाण्याला कशाला पैसे द्यायचे? जिथं पिकतं तिथूनच आणू की.” हिशेब बिनतोड होता. त्यात फक्त पेट्रोल, दोन दिवसांचं हॉटेल आणि सासूबाई धरलेल्या नव्हत्या.

विजापूर, बेळगाव करत चोर्ला घाट उतरलो. फोंड्याजवळच्या एका बागेशी गाडीचं दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरली. इडलीपात्राचं झाकण उघडावं आणि आतली इडली आपणच निघावं, तसं झालं. मोबाईलवर तापमान पाहिलं तर ३४! चौतिसाला सोलापुरात आमचा कूलर अजून माळ्यावर असतो.

सोलापुरात घाम येता येताच वाळतो. वाळताना अंग गार करतो आणि संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचा नकाशा तेवढा ठेवून जातो. इथं हवाच आधीपासून पाण्यानं तुडुंब, माझा घाम घ्यायला तिच्याकडे जागा कुठली? तो कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात असा मुक्काम करत शेवटी बुटात पोचला. आमचा कूलरही पाणी वाळवूनच गारवा देतो. त्यानंसुद्धा इथं हात टेकले असते.

स्वागताला गळ्यात फुलांची माळ घातली आणि हातात गवती चहा दिला. उकळता.

“ह्याला आम्ही कुळागर म्हणतो,” बाग दाखवणारा पोरगा म्हणाला. डोक्यावर माडा-पोफळींचं छत, पोफळींच्या अंगावर चढलेले मिरीचे वेल, मध्ये जायफळ आणि केळी. उन्हाचा एक कवडसा खाली येईल तर शपथ! “आता वेलची कुठं लागते ते ओळखा,” तो म्हणाला. मी मान वर करून शेंड्यापर्यंत शोधत राहिलो. घाम कानात शिरला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, जरा पाय उचला.” वेलची झाडाच्या बुडाशी, जमिनीलगत लागते. पायाखालून वाचली.

मग मिरी. हिरवे दाणे उन्हात वाळवले की काळे आणि सुरकुतलेले होतात, असं पोरानं सांगितलं. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं. काही बोलली नाही.

जायफळाचं फळ मात्र त्यानं चाकूनं उलगडलं तेव्हा मी घाम पुसायचंच विसरलो. बाहेर फिकट पिवळा गर, आत काळं चकचकीत बी आणि त्या बीला घट्ट बिलगलेली लालभडक जाळी. ती जायपत्री. इतकी वर्षं आमच्या डब्यात ती वाळक्या पानासारखी पडून होती. तिचं माहेर असं रंगेल असेल हे ठाऊक नव्हतं. सासूबाईंचं लक्ष दुसरीकडेच. “एकाच फळातली दोघं! आणि मेला वाणी पैसे वेगवेगळे घेतो.”

व्हॅनिलाचं फूल म्हणे एकच दिवस उमलतं आणि आपल्याकडे त्याचं परागण बारीक काडीनं, हातानं करावं लागतं. ही युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली. एकेका फुलाचं लग्न हातानं लावायचं! आमच्या भाच्याचं स्थळ चार वर्षं बघतोय, पण मी गप्प बसलो. बोलायला तोंड उघडलं की घाम आत जात होता.

शेवटी त्या पोरानं ओगराळ्यानं गवती चहाचं गार पाणी मानेवर ओतलं. सरसरत पाठीच्या कण्यातून खाली गेलं. मी रांगेत परत उभा राहिलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा त्यानं ओळखलं. “सोलापूरचे ना?” म्हणाला आणि दोन ओगराळी जास्त ओतली.

बागेच्या दुकानात वेलची आमच्या वाण्यापेक्षा महाग निघाली. बायकोनं तरीही पाव किलो घेतली. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हातानं डंकावर जाणार कशी?

दुसऱ्या दिवशी दुपारी सोलापुरात उतरलो. कोरडी झळ तोंडावर आली आणि पाच मिनिटांत शर्ट खडखडीत वाळला. फाटकाशी शेजारचे काका उभे होते.

“काय बे, पार उकडलास की! ऊन लै होतं व्हय तिकडं?”

“ऊन कुठलं काका,” मी म्हणालो, “दिवसभर सावलीत होतो.”