सतरा मिनिटांचे तीनशे रुपये

कालची पावती: लेट फी ३०० रुपये. पाळणाघर सातला बंद, मूल नेलं ७:१७ला. दर १५ मिनिटांना १५०, आणि सोळावं मिनिट लागलं की पुढची पंधरा पूर्ण धरायची. फास्ट लोकल दिवा स्टेशनच्या अलीकडे सिग्नलला उभी, तर दारात लटकलेल्या बाईने काय करायचं, उडी मारायची? रजिस्टरवर मिनिटासकट वेळ आणि समोर सही. सकाळी आठचं कुलूप सव्वाआठला उघडतं ते मात्र कुठल्याच रजिस्टरवर नाही. त्याचे १५० कधी वजा झालेत?

दिवाळीत बंद, फी पूर्ण. मूल आठवडाभर तापाने घरी, फी पूर्ण. मे महिन्यात फी पूर्ण आणि वर सक्तीचा समर कॅम्प. डिपॉझिट मागितलं की महिन्याच्या नोटिशीचा कागद पुढे. सुट्ट्या, लेट फीचा टप्पा, डिपॉझिट परतीची मुदत, सगळं ॲडमिशनच्या दिवशीच लेखी घ्या. तोंडी शब्दाला पावती नसते. मावशींवर राग नाही, दिवसभर ढुंगण धुणाऱ्या त्याच, आणि या तीनशेतला रुपयाही त्यांना मिळत नाही.

त्यात ऑफिसचं पाळणाघर का नाही विचारलं की एचआरचं ठरलेलं उत्तर: "आपल्याकडे पन्नास बायका नाहीत." साफ खोटं! २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत पन्नास बायका नव्हत्या, पन्नास कर्मचारी होते, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तिच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. बाप्ये धरून. ५० झाले की पाळणाघराची सोय बंधनकारक, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा. शिवाय हे हक्क नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवायचे असतात. आपलं नेमणूकपत्र काढून बघा, एक ओळ सापडते का.

आणि ते "आजी नाही का सांभाळायला?" विचारणारे! आजीने आयुष्यभर पोरं सांभाळली. आता तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर अख्ख्या शहराने नोकऱ्या करायच्या?

कराचंही तसंच. तीन वर्षांच्या मुलाची नर्सरीची ट्यूशन फी जुन्या करप्रणालीत दीड लाखाच्या वजावटीत बसते. एक वर्षाच्या मुलाची पाळणाघराची फी बसत नाही. लहान मूल सांभाळायला जास्त माणसं लागतात, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही का?

राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याचं शुल्क होतं दारिद्र्यरेषेखाली २० रुपये, बारा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर १००, त्यावर २००. दर बघून डोळे भरून येतात. वेळ बघा: दिवसाला साडेसात तास. २०२२ मध्ये ती योजना 'पाळणा' नावाने केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या योजनेत गेली. नऊ तासांचं ऑफिस आणि जाऊन-येऊन तीन तासांची लोकल, झाले बारा. उरलेले साडेचार तास मूल कुठे ठेवायचं? प्लॅटफॉर्मवर?