‘लॉटरी’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत घर घेण्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक भाडेकरू’ यांनी लिहिलंय: “काका, तुम्हाला प्रॉप 13ची लॉटरी लागली आणि वर आम्हाला काटकसर शिकवताय! नव्या अपार्टमेंटना विरोधही तुमच्यासारख्यांचाच.” (प्रॉप 13, म्हणजे प्रपोझिशन 13, हा मतदारांनी थेट मतदानाने केलेला, घरावरचा मालमत्ता कर वाढण्यावर मर्यादा घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा.)

मतभेद असू द्या हो. पण ओळख ना पाळख, टोपणनावाआडून हे ‘काका’ कशाला?

लॉटरी म्हणे! 2000 साली एच-वन या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आलो आणि वर्षभरात डॉटकॉमचा फुगा फुटला, कंपनी बुडाली. नोकरीबरोबर व्हिसाही जाणार ही धाकधूक काय असते, ते ज्याचं त्याला कळतं. सनीव्हेलच्या एका अपार्टमेंटमध्ये चौघांत भाडं वाटून राहिलो, गाडीही एकच. 2011मध्ये टाऊनहाऊस घेतलं तेव्हा भाव अजून पडतील म्हणून मित्रांनी वेड्यात काढलं होतं. तेव्हा लॉटरी कुणाला दिसली नाही.

आणि प्रॉप 13 काय मी आणला? कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1978मध्ये तो मंजूर केला तेव्हा मी सोलापुरात बालवाडीत होतो. मूळ मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या 1 टक्का, आणि घर विकेपर्यंत करपात्र किंमत वर्षाला फार तर 2 टक्क्यांनी वाढणार. आज शेजारचं तसंच घर घेणारा माझ्या दुपटीहून जास्त कर भरतो, माहीत आहे मला. पण हीच सवलत ऑफिसांना आणि मॉलनाही आहे, ती तुम्हाला खुपत नाही. मोठ्या व्यापारी मालमत्तांची सवलत काढणारा प्रॉप 15 हा प्रस्ताव 2020मध्ये मतदानात पडला. मी त्याच्या बाजूने मत दिलं होतं. तुम्ही? त्याच निवडणुकीत प्रॉप 19 मात्र मंजूर झाला. म्हणजे मुलगा या घरात स्वतः राहायला आला नाही, तर माझी ‘लॉटरी’ त्याला मिळायचीही नाही.

एक मान्य. 2021च्या सुमारास 3 टक्क्यांच्या आसपास मिळणारं कर्ज आता त्या दराने मिळत नाही. तेवढी तुमची तक्रार रास्त.

अपार्टमेंटचं म्हणाल तर मी फक्त गाड्या कुठे लावणार एवढंच विचारलं होतं. सिटी कौन्सिलपुढे दोन मिनिटं बोललो म्हणून कुणाचं घर अडलं नाही. बाकीच्या शेरेबाजीला वेळ नाही. वॉटर हीटर बदलायला माणूस येतोय, आणि त्याचे पैसे मलाच द्यायचेत. तुमचे घरमालक देतात ना?