ट्रकचं भाडं म्हणजे घर हलवण्याचा खर्च नव्हे

परवा भाच्याने एक मेसेज पाठवला. तुमच्याही फोनवर तो येऊन गेला असेल, कारण नोकरी बदलणाऱ्या पोरांमध्ये तो बराच फिरतो आहे. मजकूर असा: "पगारात ३० टक्के वाढ मिळत असेल तर डोळे झाकून शहर बदला. ट्रकचं भाडं तीन ठिकाणी विचारा, सगळ्यात स्वस्त असेल ते घ्या. डिपॉझिट खर्चात धरू नका, ते परत मिळतं. शिफ्टिंगचे पैसे कंपनी देतेच. जुनं सामान विकून तिकडे नवं घ्या. दोन पगारांत सगळं वसूल." खाली त्याचा प्रश्न: "मावशी, बरोबर आहे ना?"

तो अमरावतीला आहे, ऑफर पुण्याची आहे. बायको अमरावतीतल्याच एका शाळेत शिकवते, मुलगी दुसरीत आहे. २०२३ मध्ये आम्ही नागपूरहून पुण्याला आलो तेव्हा आमचीही हीच परिस्थिती होती, आणि त्या वर्षाची पै-पैची वही माझ्याकडे आहे. मेसेजमधलं एकेक वाक्य त्या वहीशी ताडून पाहिलं. एकही वाक्य जसंच्या तसं टिकलं नाही.

भाड्यापासून सुरुवात करू. तीन ठिकाणी विचारावं हे बरोबर. पण तीन जण तीन वेगवेगळ्या कामांचे भाव सांगत असतात, म्हणून नुसता आकडा बघून स्वस्त-महाग ठरत नाही. आम्हाला सगळ्यात कमी भाव मिळाला २६,०००. तो फोनवर ठरला, सामान बघायला घरी कोणी आलंच नाही. गाडी फक्त आपली की 'पार्ट लोड', हे आम्ही विचारलं नाही. पार्ट लोड म्हणजे एकाच ट्रकमध्ये दोन-तीन घरांचं सामान. ते मध्येच कुठल्या तरी गोदामात उतरतं, पुन्हा चढतं आणि सांगितलेल्या दिवशी येत नाही. आमचं पाचव्या दिवशी आलं. तोवर आम्ही तिघं चादरीवर झोपलो आणि दोन्ही वेळचं बाहेरून मागवलं.

ट्रक आला तो सोसायटीच्या गेटबाहेर उभा राहिला. मुकादम म्हणाला, "ताई, एवढी मोठी गाडी आत घेत नाहीत. छोटा हत्ती करावा लागेल, त्याचे वेगळे." छोटा हत्ती म्हणजे छोटा टेम्पो, त्याचे ३,५००. सोसायटीने सामानासाठी लिफ्ट वापरू दिली नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावर चढवायचे २,०००. पक्कं बिल मागितलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,६८०. २६,००० चे ३६,१८० झाले. यात फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. गाडी कुठपर्यंत येईल, कितवा मजला, लिफ्ट मिळेल का, हे आम्हीच सांगितलं नव्हतं. भाच्या, भाव मागताना दोन्ही घरांचे मजले, लिफ्ट, गेटपासूनचं अंतर आणि सामानाची यादी लिहून पाठव आणि उत्तरही लेखीच घे. मग तीन भाव एकमेकांशी ताडता येतील.

बिल्टी, म्हणजे माल नेण्याची ट्रकवाल्याची पावती, हातात आली की ती वाचायची. आमच्या बिल्टीवर 'ॲट ओनर्स रिस्क' छापलेलं होतं, म्हणजे मोडलं-फुटलं तर आपलं. मालाचा विमा काढल्याचं सांगतात, तेव्हा विमा कंपनीची पॉलिसी दाखवा म्हणायचं. बऱ्याचदा ती नसते, पॅकर्सवाल्याचं नुसतं तोंडी आश्वासन असतं. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर त्याचे ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेव. मशीन नवीन आल्यावर मेकॅनिक मागून काढून हातात देतो ते चार लांब बोल्ट. ते न लावता मशीन ट्रकमध्ये गेलं की आतला ड्रम सातशे किलोमीटर हिंदकळत जातो. आमचे बोल्ट सापडले नाहीत. मशीन आलं, पण धुताना आजही थडथडतं.

"डिपॉझिट खर्चात धरू नका." या वाक्याचा मला खरंच राग येतो, कारण लोक कर्जात पडतात ते इथेच. डिपॉझिट परत मिळतं, मान्य. पण कधी आणि किती? पुण्यातल्या मालकाला किल्ली देण्याआधी ७५,००० हवे होते, तीन महिन्यांचं भाडं. नागपूरच्या मालकाकडे आमचे २६,००० होते. घर रिकामं केल्यावर सात आठवड्यांनी ते मिळाले, त्यातही रंगकामाचे ६,००० कापून. म्हणजे मधल्या काळात दोन्ही घरांची डिपॉझिटं एकाच वेळी अडकलेली. ज्याच्याकडे शिल्लक नाही तो हे पैसे क्रेडिट कार्डावर किंवा पर्सनल लोन काढून उभे करतो, आणि त्याचं व्याज कोणी परत देत नाही.

दलाली तर मेसेजमध्ये नावालाही नाही. पुण्यात एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून जातं. आमचे २५,००० गेले.

घरभाड्याच्या करारनाम्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात लोक नाहक पैसे घालवतात किंवा नाहक वाचवतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीच्या एकूण भाड्यावर लागतं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज त्यात मिळवायचं. आमचं २५,००० भाडं, ११ महिने, ७५,००० डिपॉझिट. हिशेब ७०० ते ८०० रुपयांच्या दरम्यान आला. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीचे किरकोळ पैसे धरले तरी सरकारला जाणारी रक्कम दोन हजारांच्या आसपास. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटने आमच्याकडून ४,५०० घेतले. तेवढे द्यायला हरकत नाही, पण कशाचे देतो आहोत ते माहीत असावं.

याउलट मालक म्हणाला, "नुसतं नोटरी करू, पैसे वाचतील", तर ऐकायचं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ७५,००० कोणाच्या तरी हाती ठेवताना रकमेचा, परतीच्या मुदतीचा आणि रंगाचे पैसे कोण देणार याचा उल्लेख त्या नोंदलेल्या कागदावर हवाच. नागपूरच्या करारात रंगाबद्दल ओळ नव्हती, म्हणून ६,००० गेले.

आता कंपनी. "कंपनी देतेच" म्हणणाऱ्याने ऑफर लेटरचं ते पान वाचलेलं नसतं. कोणी एकरकमी देतं, कोणी बिलं दाखवल्यावर देतं, कोणी काहीच देत नाही. एकरकमी मिळाली तर ती पगारात मिळते आणि तिच्यावर कर कापला जातो. आमच्या ५०,००० चे सेससकट १०,४०० कापून ३९,६०० हातात आले. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर बसत नाही, त्यामुळे पगार त्या आत असेल तर ही कात्री लागणार नाही. पण काठावर असशील तर ही रक्कम मिळवून उत्पन्न कुठे जातं ते आधी बघ. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट मिळत नाही, तेही ध्यानात ठेव.

बिलांवर मिळत असेल तर त्या बिलांत काय चालतं ते विचार. ट्रक आणि प्रवास सहसा चालतो. दलाली? पहिल्या पंधरा दिवसांचं राहणं? आणि इथेच मेसेजमधली दोन वाक्यं एकमेकांना मारतात. सगळ्यात स्वस्त ट्रकवाला स्वस्त असतो, कारण तो कच्चं बिल देतो. कच्चं बिल कंपनी घेत नाही. चार हजार जीएसटी वाचवायला जाऊन तीस हजारांचा परतावा हुकतो. शिवाय वर्षाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत करायची अट बहुतेक पत्रांत असते. आमच्या पत्रात पूर्ण ५०,००० परत करायचे असं होतं, हातात आले होते ३९,६०० तरीही.

"जुनं विकून नवं घ्या" यात थोडं तथ्य आहे, म्हणून तेही सांगते. आमचा लोखंडी बॉडीचा मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्या लावायचा तो. नागपुरात त्याच्याशिवाय मे महिना काढता येत नाही, पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो ठेवायलाही जागा नव्हती. तो विकला, चांगलंच केलं. पण जायची तारीख ठरल्यावर आठवड्याभरात विकायला काढलेल्या वस्तूला भाव येत नाही, घेणाऱ्याला आपली घाई कळते. सोफ्याचे मिळालेले पैसे आणि इथे घेतलेल्या सोफ्याचे पैसे शेजारी लिहिले तेव्हा वाटलं, आणला असता तर बरं झालं असतं. माझं मत असं की एकेक वस्तू विकावी की न्यावी असा विचारच करू नये. सगळ्या सामानाची यादी घेऊन ट्रकवाल्याला विचारावं, काय कमी केलं की १७ फुटी गाडीऐवजी १४ फुटी पुरेल? गाडी लहान होत असेल तरच विकण्यात फायदा. नाहीतर रिकामी जागाही तेवढ्याच भाड्यात पुण्याला येते. बाइक ट्रकमध्ये घालण्याआधी रेल्वे पार्सलचा दर विचार. आरसीची प्रत लागते आणि टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. चालवत नेईन म्हणशील तर समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. भरलेला गॅस सिलिंडर पॅकर्सवाले घेत नाहीत. तो आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून डिपॉझिट घ्यायचं, ट्रान्सफरचा कागद घ्यायचा आणि पुण्यात नवं डिपॉझिट भरायचं.

तिकडे गेल्यावरची किरकोळ कामं वाटतात तेवढी किरकोळ नसतात. एसी काढणं-लावणं, गॅस भरणं, गीझर, पाण्याचा फिल्टर, पंखे मिळून ७,८००. जुने पडदे नव्या खिडक्यांना बसले नाहीत. पडदे आणि डासांच्या जाळ्या ७,०००.

मेसेजमध्ये अजिबात नसलेला खर्च सगळ्यात मोठा निघाला. नवरा फेब्रुवारीत रुजू झाला. लेकीची परीक्षा एप्रिलपर्यंत. तीन महिने दोन संसार: नागपूरचं भाडं चालूच, वर त्याच्या पीजीचे ३३,००० आणि येण्याजाण्याचे १४,०००. शाळेची प्रवेश फी, गणवेश, पुस्तकं २२,०००. शाळांच्या तारखाही बघाव्या लागतात. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा पुण्याकडे जूनच्या मध्यावर आणि विदर्भात उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. मंडळ बदलणार असशील तर रुजू व्हायच्या तारखेआधी हे ठरव.

आणि माझी शिकवणी. नागपुरात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवून मला महिन्याला १६,००० मिळत. ती मुलं सहा वर्षांत एकेका घरातून ओळखीने आली होती. पुण्यात मला ओळखणारं कोणी नव्हतं. पहिला विद्यार्थी ऑगस्टमध्ये आला, पहिल्या ११ महिन्यांत सगळे मिळून ६०,००० जमले. नागपुरात १,७६,००० झाले असते. घर हलवण्याचा हिशेब आम्ही दोघांनी बसून केला होता, आणि त्यात हे १,१६,००० कुठेच नव्हते. मीसुद्धा लिहिले नव्हते. भाच्या, तुझ्या बायकोचा पगार पहिल्या ओळीत लिही. तिला पुण्यात नोकरी मिळायला सहा महिने लागतील असं धर आणि तिला विचारून धर.

राहिलं शेवटचं वाक्य, "दोन पगारांत वसूल". नवऱ्याचा हातातला पगार ६०,००० वरून ७८,००० झाला, म्हणजे बरोबर ३० टक्के, १८,०००. भाडं १३,००० चं २५,००० झालं. उरले ६,०००. भाजी-दुधातला फरक मी धरलेलाच नाही. वर सांगितलेला गेलेला पैसा, म्हणजे ट्रक, दलाली, करार, रंग, फिटिंग, पडदे, पीजी, प्रवास, शाळा, सगळा मिळून १,५५,४८०. कंपनीचे ३९,६०० वजा केले तरी १,१५,८८०. फेब्रुवारी ते एप्रिलची पूर्ण वाढ ५४,००० आणि पुढच्या ११ महिन्यांचे ६६,००० मिळून हा खड्डा भरला तो १४ महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये. शिकवणी धरली तर त्या दिवशीही आम्ही १,११,८८० मागे होतो.

राज्याबाहेर जाणाऱ्यांना याहून जास्त धरावं लागतं. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिथे नव्याने नोंदवावी लागते, म्हणजे इथल्या आरटीओची एनओसी आणि तिथला रोड टॅक्स.

आम्ही आलो याचा मला पश्चात्ताप नाही. नवऱ्याचं काम इथे खरोखर वाढलं आणि माझी शिकवणीही आता उभी आहे. पण दोन पगारांचा अंदाज धरून आलो, म्हणून पहिलं वर्ष सोनं गहाण ठेवून काढावं लागलं. चौदा महिन्यांचा अंदाज असता तर नवऱ्याने ऑफर घेतानाच दलाली आणि महिनाभराचं राहणं मागितलं असतं. तू अजून सही केलेली नाहीस, तुला मागता येईल. आणि ११ महिन्यांनी काय होतं तेही लिहून ठेव. मार्च २०२४ मध्ये, वहीतला तो खड्डा भरला त्याच आठवड्यात, मालकाचा फोन आला. करार संपतोय, १ एप्रिलपासून २,५०० वाढवा.