बायकांना माल खपवायचाय? या, बसा!

बायकांसाठी टीव्हीवरची जाहिरात करायला निघालाय? या, चहा घ्या. परवा आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीत वॉशिंग मशीन बघायला गेले होते, तेव्हापासून या विषयातला माझा अभ्यास फार वाढलाय.

पहिलं म्हणजे धुणं धुताना बाई हसली पाहिजे. पोरगं तालमीतनं लाल मातीत लोळून आलं तरी आईनं कौतुकानं बघायचं. आमच्या मंगळवार पेठेत अशा वेळी जे कानावर पडतं, ते रेकॉर्ड करू नका. दाखवता येणार नाही.

पॅडवर निळंच पाणी ओता.

गोरेपणाचं मात्र जरा जपून. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीनं २०२० मध्ये नावातलं फेअर काढून ग्लो घातलं. नवं बारसं केलं की पोर बदलतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मराठी जाहिरात हिंदीवरनंच डब करा. इथल्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, त्याचं तुम्हाला काय?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाईशी हिशोबाचं बोलू नका. तिला रंग दाखवा. दुकानातल्या पोराला हे पक्कं पाठ होतं. मला म्हणाला, “वहिनी, ह्यात वाइन कलर पण हाय, भारी दिसतंय.” आणि वळून आमच्या ह्यांना मोटर, वॉरंटी, आरपीएम समजावायला लागला. ह्यांना! घरातलं मशीन कुठल्या बटणानं सुरू व्हायचं, हे ज्यांना ते बंद पडेपर्यंत कळलं नाही, त्यांना. मी विचारलं, एका धुण्याला पाणी किती लिटर? उत्तर ह्यांना. ड्रमचं बेअरिंग वॉरंटीत येतं का? परत ह्यांनाच. अरे बाबा, शिरोलीतल्या फाउंड्रीचा हिशोब मी बघते, भट्टीचं लाइट बिल दर महिन्याला माझ्या हाताखालनं जातं! शेवटी पैसे द्यायला मी मोबाइल काढला, तर हा विचारतोय, “बिल साहेबांच्या नावानं करू न्हवं?”

मोबाइल परत पर्समध्ये ठेवला आणि बाहेर आले.

पण त्या पोरावर चिडून काय करू? लहानपणापासून तुमच्याच जाहिराती बघत वाढलाय तो. आईच्या वेळी, १९८० च्या दशकात, सर्फच्या ललिताजी यायच्या, कविता चौधरी. निरमा स्वस्त, सर्फ महाग. आणि ही बाई ठणकावून सांगायची, अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर. गणित कंपनीच्या सोयीचं होतं, ते काय आईला कळत नव्हतं? पण निदान गणित मांडलं तरी होतं आमच्यापुढं! २०१५ मध्ये एरियलनं धुण्यात पुरुषांनाही वाटा उचलायला सांगितलं. चांगलं केलं. ती जाहिरात लागली की आमच्याकडं रिमोट लगेच सापडतो.

आता सरळच सांगते. घरात काय घ्यायचं ते आम्ही ठरवतो, बऱ्याच घरांत पैसेही आम्हीच भरतो, आणि तुम्ही आम्हाला टॉवेलचा वास घेत गिरक्या मारायला लावता? आम्हाला काय खुळ्या समजलाय? वीस सेकंद असतात तुमच्या हातात. त्यात वीज किती युनिट आणि दुरुस्तीला माणूस कोल्हापुरातनं येणार की पुण्याहून, एवढं सांगायला तोंड दुखतं का तुमचं?

चार दिवस झाले, धुण्याचा ढीग तसाच पडलाय. मशीन मला घ्यायचंच आहे. बोला, पाणी किती लिटर लागतं?