बटण गिळलं असतं तर कॅशलेस झालं असतं

आज जेवणाच्या सुट्टीत विमा कंपनीतून फोन आला. पोरगा बोलायला एकदम गोड. "सर, तुमचा क्लेम बसत नाहीये, पेशंट चोवीस तास ॲडमिट नव्हता." म्हटलं, बाबा रे, माझ्या लेकाला ऑटिझम आहे, क्लेम थेरपीचा आहे, तो ॲडमिट कशाला होईल? तर म्हणे, "तेच ना सर. ॲडमिशन नाही, मग क्लेम नाही." डबा तसाच बंद केला. भूकच मेली.

पॉलिसी नीट वाचली नव्हतीस का, असं विचारणारे आता येतीलच. वाचली होती. 2023 च्या फेब्रुवारीत विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी काढायला सांगितलं, त्यांनी काढल्या, आपण घेतली. पण आपल्याकडे आरोग्य विमा म्हणजे खाट. खाटेवर माणूस झोपला तर पैसे. आमच्या लेकाला जे लागतं ते खाटेवर होत नाही. ते सतरंजीवर होतं, आरशासमोर होतं, झोपाळ्यावर होतं.

उदाहरण म्हणून एक बटण घ्या. शर्टाचं. ओटीच्या, म्हणजे रोजची कामं हातानं करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंनी ते लावायला कसं शिकवलं सांगतो. आधी जाड कापडाला लांब चीर पाडून त्यातून पाच रुपयांचं नाणं ढकलायचं. ते जमलं की आजोबांच्या जुन्या कोटाचं मोठं काळं बटण. मग शर्ट टेबलावर पसरून. मग अंगात घालून, तेही खालून वर, कारण गळ्याजवळचं बटण आपलं आपल्याला दिसत नाही. (मला हे चाळीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.) दिवाळीच्या सुमारास सुरू केलं होतं, पाऊस लागला तरी चालूच. एका सेशनचे सहाशे रुपये. स्पीच थेरपीचे, म्हणजे बोलायला शिकवण्याचे, वेगळे.

तेच बटण त्यानं गिळलं असतं तर? एक्स-रे, एंडोस्कोपी, एक रात्र वॉर्डात, आणि मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात कॅशलेस! कंपनीनं वर 'लवकर बरे व्हा' असा मेसेजही पाठवला असता.

चिडून लिहितोय, माहीत आहे. त्या फोनवरच्या पोराचा काही दोष नाही. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "सर, माझ्या मावसभावाचा मुलगा पण तसाच आहे." त्यानंतर मला काही बोलता आलं नाही. तोही दिवसभर लोकांचे तळतळाट ऐकत असणार.

पण मग दोष कुणाचा? माझा एक मित्र कायम सांगतो की विमा हा केंद्राचा विषय, राज्य सरकारच्या नावानं बोटं मोडून उपयोग नाही. बरोबर आहे, विमा केंद्राच्या सूचीत आहे. पण त्याच राज्यघटनेतली राज्य सूची काढून बघ म्हणावं. सहावी नोंद सार्वजनिक आरोग्य. नववी नोंद अपंगांना साहाय्य. हे तर मुंबईचं काम आहे ना? की तेही दिल्लीनं करायचं?

आणि राज्याकडे गाडी तयार आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं, आता कुटुंबाला 5 लाखांपर्यंत कवच. हृदयाचं ऑपरेशन होतं, डायलिसिस होतं, चांगलंच आहे. त्यात ओटी, स्पीच आणि बिहेवियर थेरपी घाला. ओपीडीत घाला. आणि नुसता जीआर नको, जीआर पुढच्या जीआरनं पुसला जातो. कायदा करा. 2016 च्या केंद्राच्या कायद्यानं ऑटिझमला 21 अपंगत्वांच्या यादीत बसवलं, त्याला आता किती वर्षं झाली?

माझी चुलत बहीण न्यू जर्सीत असते, तिचाही मुलगा आमच्या लेकासारखाच. तिथल्या विधिमंडळानं 2009 मध्ये कायदा केला की विमा कंपन्यांनी ऑटिझमच्या थेरपीचे पैसे द्यायचे. सुरुवात 2001 मध्ये इंडियाना राज्यानं केली होती, आज पन्नासही राज्यांत तसे नियम आहेत. ते काही कुणी आपणहून दिलेलं नाही, आईबापांनी आमदारांचे उंबरे झिजवले. आता तिथंही सगळं आलबेल नाही. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा विमा स्वतःच्या पैशातून चालवतात, त्यांना राज्याचा कायदा लागू होत नाही, आणि दाजींची कंपनी नेमकी तसलीच निघाली. पण बाकीच्यांना भांडायला हातात कागद तरी आहे. आपल्याकडे भांडायचं ते फोनवरच्या पोराशी.

केंद्राची निरामय योजना चांगली आहे, नाही म्हणत नाही. 1 लाखाचं कवच, त्यात थेरपीही बसते. पण थेरपीचा वाटा एवढासा, आणि आधी खिशातून भरा, मग पावत्या पाठवा. आमचा वाटा पावसाळ्याआधीच संपतो. ज्याच्या खिशातच नाही त्यानं आधी कुठून भरायचे? संजय गांधी योजनेत दिव्यांगांचे महिन्याला 2500 केले, त्याचे केवढे फलक लागले! आमच्या ताईंच्या दरानं ती चार सेशन झाली. नाणं चिरेतून ढकलण्यापर्यंत. काळ्या बटणाचं पुढच्या महिन्यात बघू.

थेरपी विम्यात आली की गल्लोगल्ली बोगस थेरपिस्ट उगवतील, हे कबूल. आताही आहेतच. नोंदणी बघा, दर ठरवून द्या, ऑपरेशनचे ठरवता तसे.

हिच्याबद्दल लिहिणार नव्हतो, पण लिहितो. हिनं शाळेतली कायमची नोकरी सोडली. तो पगार कुठल्याच क्लेमच्या फॉर्मवर लिहायला जागा नाही. आता रात्री बसून पावत्यांना नंबर घालते, महिन्याप्रमाणे पिना मारते, आणि मला म्हणते, चिडू नकोस, परत पाठवू.

परत पाठवणार आहेच. पण त्याबरोबर निवेदनही तयार केलंय, दोन पानी, वर जे मागितलंय तेवढंच. आमदार हळदीकुंकवाला आणि क्रिकेटच्या फायनलला हमखास येतात, तिथंच हातात देणार. सांगली-मिरज-कुपवाडमधल्या ज्या घरांत असं मूल आहे त्यांनी सहीसाठी इनबॉक्समध्ये या. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही या, तुमच्या सहीला आमच्यापेक्षा जास्त वजन आहे. आणि कुणाकडे आमदारांच्या पीएचा चालू नंबर असेल तर द्या, माझ्याकडचा उचलत नाहीत.