एसपीएफमध्ये ‘प्लस ऑल’ टाकायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका

‘कंपनीचा ईमेल दहा मिनिटांत नव्या सर्व्हरवर’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. माझ्या मावसबहिणीने तो मला पाठवला, पण त्याआधी त्यातला एक सल्ला स्वतःच्या फर्मच्या डोमेनवर अमलातही आणून टाकला. म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: फक्त एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायचा ते सांगणारी नोंद) बदला. जुनं अकाउंट त्याच दिवशी बंद करा, म्हणजे मेल दोन ठिकाणी जाणार नाहीत. मेल स्पॅममध्ये पडत असतील तर एसपीएफमध्ये ‘प्लस ऑल’ लिहा. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) मोठ्या कंपन्यांसाठी असतात. आणि डीएनएसमधला (डोमेनच्या नोंदींची सार्वजनिक यादी) बदल पसरायला ४८ तास लागतातच, त्याला इलाज नाही.

आधी ‘प्लस ऑल’बद्दल, कारण बहिणीने नेमकं तेच केलं होतं.

एसपीएफ म्हणजे डोमेनच्या डीएनएसमधली एक टीएक्सटी ओळ. या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ते तिच्यात लिहिलेलं असतं. शेवटचं ‘ऑल’ म्हणजे यादीत नसलेले बाकी सगळे. त्याच्या आधी वजा चिन्ह असेल तर त्यांना मनाई, टिल्ड असेल तर ते संशयित, आणि अधिक चिन्ह असेल तर जगातल्या कुठल्याही सर्व्हरला मोकळं रान. मग कुणीही भामटा तुमच्या अकाउंट्स विभागाच्या पत्त्यावरून ग्राहकाला ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथे करा’ असा मेल पाठवणार, आणि ग्राहकाकडचा सर्व्हर एसपीएफ तपासून ‘पास’ म्हणणार! डीमार्क कडक ठेवलंय म्हणून वाचू, असंही नाही. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक पास झालं आणि डोमेन जुळलं की डीमार्कचं समाधान होतं. भामट्याने मेलच्या पाकिटावर, म्हणजे सर्व्हर आपसात बघतात त्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यातही, तुमचंच डोमेन टाकलं की ते जुळतंच.

एवढं करून मूळ दुखणं बरं होत नाही ते नाहीच. मेल नव्या सर्व्हरवर हलवल्यावर ते स्पॅममध्ये जातात तेव्हा बऱ्याचदा कारण साधं असतं: जुनी एसपीएफ ओळ तशीच ठेवून नव्या कंपनीने दिलेली दुसरी ओळ खाली चिकटवलेली असते. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन सापडल्या की तपासणी ‘पर्मएरर’वर, म्हणजे कायमच्या चुकीवर, संपते. दोन्हीकडचे इन्क्लूड (मेल कंपनीची सर्व्हर-यादी जोडणारे शब्द) एकाच ओळीत घ्या, डीएनएस लुकअप (ती ओळ तपासताना डीएनएसला कराव्या लागणाऱ्या विचारणा) १० च्या वर जाऊ देऊ नका, आणि शेवटी टिल्ड किंवा वजा ठेवा.

डीकेआयएम-डीमार्क फक्त मोठ्यांसाठी? गूगलचे फेब्रुवारी २०२४ पासूनचे नियम वाचा. वैयक्तिक जीमेल खात्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला, लहान असो वा मोठा, एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. शिवाय टीएलएस (वाटेत मेल कुणाला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्शन) आणि सर्व्हरच्या आयपीला बरोबर पीटीआर रेकॉर्डही (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद). दिवसाला ५००० च्या वर मेल असतील तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही. म्हणजे लहान फर्मला गूगलकडून डीमार्कची सक्ती नाही, एवढंच काय ते खरं. पण डीकेआयएम काढून टाकलंत आणि तुमचा मेल कुणी पुढे फॉरवर्ड करून घेत असेल, तर एसपीएफ तिथे सहसा तुटतं आणि हाताशी दुसरं काही उरत नाही.

जुनं अकाउंट लगेच बंद करणं हाही घातकच सल्ला. सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही तर पाठवणाऱ्याने निदान ४-५ दिवस प्रयत्न करत राहावं, असं एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचं, मानक सांगतं. त्या आधारावर लोक बिनधास्त राहतात. पण जुना सर्व्हर चालू आहे आणि तुमचा मेलबॉक्स तेवढा उडवलाय, तर तो ‘५५०, असा पत्ता नाही’ म्हणतो आणि मेल तिथूनच परत जातो. पुन्हा प्रयत्न वगैरे काही होत नाही. जुना मेलबॉक्स निदान काही दिवस चालू ठेवा आणि एमएक्स बदलल्यावर आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) त्यातले मेल एकदा पुन्हा कॉपी करा. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट आयमॅपने येत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात.

४८ तासांची गोष्ट अर्धी खरी आहे. नेमसर्व्हरच (डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलत असाल तर डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरवर त्या नोंदीचा टीटीएल (बाकीच्या सर्व्हरनी ती किती वेळ जपून वापरायची तो काळ) १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास असतो. पण नुसता एमएक्स बदलायचा असेल तर टीटीएल तुमच्या हातात असतो. ८६,४०० असेल तर एक-दोन दिवस आधी ३०० करून ठेवा.

आणि ‘फक्त एमएक्स’? वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर ठेवून मेल तेवढा हलवला, की तो होस्टिंग सर्व्हर या डोमेनचा मेल अजून आपलाच समजत बसतो. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म कुणी भरला की तो मेल एमएक्स न बघता तिथल्या तिथे जुन्या मेलबॉक्समध्ये पडतो. बाहेरून पाठवलेला टेस्ट मेल नव्या ठिकाणी नीट येतो, बाउन्स नाही, एरर नाही. फक्त ग्राहकांच्या चौकशा येत नाहीत. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं सॉफ्टवेअर) असेल तर ईमेल राउटिंग ‘लोकल’वरून ‘रिमोट’ करा आणि फॉर्म स्वतः भरून बघा. बिलिंग सॉफ्टवेअर, मेल करणारा स्कॅनर, ओटीपी पाठवणारं ॲप या सगळ्यांत जुन्या सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड भरलेला असतो. त्यांची यादी एमएक्सला हात लावण्याआधी करायची आणि प्रत्येकातून एकेक मेल पाठवून बघायचा.